कॉम्प्युटरला जारचं पाणी

आमच्या हट्टा गावात पाहुण्याला पाणी देण्याआधी हल्ली विचारावं लागतं, जारचं देऊ की बोअरचं. जारचं मागणारा पाहुणा बाहेरगावचा आणि ‘कोनतं बी चालंल’ म्हणणारा सोयरीक जुळवायला आलेला, असं आमच्या वहिनींचं निरीक्षण आहे. बोअरचं पाणी पिऊन कुणाचं फार बिघडलंय असं नाही. पण त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबण फेस द्यायला नाखूश असतो, आणि पाणी तापवायची नवी कोरी कांडी बघता बघता पांढऱ्या खपल्यांनी अंगाने भरते. भारतीय मानक क्रमांक 10500 सांगतं की पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच मिळत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावं. ही सवलत लिहिणारा माणूस कधीतरी भर उन्हाळ्यात वसमत तालुक्यातून गेलेला असावा.

येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं पाणी कालव्याने आमच्या भागात फिरतं, त्यावर ऊस आणि हळद पोसते. घरातला हंडा मात्र बऱ्याचदा बोअरच भरतो. काळ्या पाषाणातून, मुरमातून झिरपत आलेलं पाणी वाटेत जे भेटेल ते पदरात घेतं, कॅल्शियम घेतं, मॅग्नेशियम घेतं, आणि आपल्या घरी आलं की गरम जागा बघून तिथे उतरवून ठेवतं. इथल्या बायकांना हे पाठ आहे. हळद शिजवायचे कुकर चालवणाऱ्यांनाही आहे. पुतण्याला मात्र नव्हतं, कारण त्याचं शिक्षण आमच्यापेक्षा जास्त झालेलं आहे.

पुतण्या लग्नाचं शूटिंग करतो. शूटिंग म्हणजे नुसता कॅमेरा धरणं असा माझा समज होता. खरं काम नंतर असतं, त्याला तो ‘मिक्सिंग’ म्हणतो. नवरी पायऱ्या उतरतेय, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत, मागे ड्रोनमधून दिसणारी सोयाबीनची रानं, हे सगळं एकमेकांत कालवून चार तासांचा चित्रपट काढायचा, आणि तो वरमायला पसंत पडेपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचा. त्याला दमदार कॉम्प्युटर लागतो. लग्नसराई एप्रिल-मेची, आणि त्या दिवसांत आमच्याकडे पारा सहज 42-43 वर जातो. पत्र्याच्या खोलीत जुना कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडायचा, तोही नेमका सप्तपदीच्या चौथ्या पावलावर. मग पुतण्याने हैदराबादेहून पाण्यावर थंड होणारा, दुसऱ्याने वापरलेला कॉम्प्युटर आणला.

यंत्रणा समजायला सोपी आहे. तापणाऱ्या प्रोसेसरवर तांब्याचा एक चौकोनी ठोकळा बसवलेला असतो, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्यातून छोटा पंप पाणी खेळवतो. तापलेलं पाणी नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे त्याला वारा घालतात आणि निवलेलं पाणी परत कामावर रुजू होतं. पाणीच का, तर तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे 3500 पट उष्णता पोटात घेऊ शकतं. एक मर्यादा मात्र आहे आणि ती विकणारे हळू आवाजात सांगतात. रेडिएटरने पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. खोली 40 अंशांवर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार. हट्ट्याचा मे महिना हैदराबादचा पंप लावून बदलत नाही.

याची चेष्टा करावी असंही काही नाही. मोठमोठ्या यंत्रांनी हा मार्ग केव्हाच धरलाय. आयबीएमचे कॉम्प्युटर 1960 च्या दशकातच पाण्यावर चालले होते. आपल्या पुण्यात पाषाणला आयसर या संस्थेत 2019 मध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसला, सेकंदाला 797 लाख कोटी आकडेमोडी करणारा. त्यात पाणी थेट तापणाऱ्या भागाच्या पाठीशी नेऊन ठेवलेलं आहे. त्याच पाषाणात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 मध्ये ‘प्रत्यूष’ सुरू केला, तोही पाण्याने गार राहणारा. म्हणजे मृग कोरडा जाणार की भिजवणार हे सांगणाऱ्या यंत्रालाच आधी पाणी पाजावं लागतं. हे मी पारावर सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, ‘‘मग त्याला आमचं बोअरचं पाजा म्हनावं, खरं बोलंल.’’

परम मालिकेचे जनक विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. आमच्या वसमत स्टेशनावरून जाणारी पूर्णा-अकोला गाडी त्यांच्याच जिल्ह्यात जाऊन थांबते. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. पुतण्याला हा इतिहास मी उत्साहाने सांगत होतो आणि तो ठोकळ्याचे स्क्रू काढत होता. कॉम्प्युटर पुन्हा तापायला लागला होता.

ओसरीवर ‘लोकमत’चा कागद अंथरून त्याने तो ठोकळा उघडला. आत तांब्याचा तळ, बिस्किटापेक्षा लहान. त्यावर तांब्याचेच उभे पातळ पापुद्रे कोरलेले, एकाला एक लागून, मधल्या फटी इतक्या बारीक की पोस्टकार्डाची कड जेमतेम शिरेल. पाण्याने त्या फटींमधून जायचं आणि जाता जाता उष्णता उचलायची, अशी ती रचना. मधल्या भागात फटी उरलेल्याच नव्हत्या. तिथे हिरवट-पांढरा, साबणाच्या चोथ्यासारखा गाळ घट्ट बसला होता. कडेला तांबं काळवंडलेलं, आणि एका कोपऱ्यात मोरपंखी ठिपके. वहिनी डाळ निवडता निवडता वाकून बघत म्हणाल्या, ‘‘आगं बाई, कळकलंय की हे!’’

पाणी कोणतं घातलं होतं, याची चौकशी झाली. पुतण्या अभिमानाने म्हणाला, जारचं. पाणी हळूहळू कमी व्हायचं, की हा पठ्ठ्या तीस रुपयांच्या जारमधलं पेलाभर पाणी वर ओतायचा. जारचं पाणी फिल्टरचं, फिल्टरचं म्हणजे शुद्ध, हा गावाचा आजचा सिद्धान्त आहे, आणि लग्नाच्या पंगतीतही तो कुणी मोडत नाही.

इथे आमच्या शेजारच्या मामांना बोलवावं लागलं. मामा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलर अटेंडंटचं सेकंड क्लासचं सर्टिफिकेट त्यांनी काचेच्या चौकटीत घालून देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलंय, दत्ताच्या शेजारी. आयुष्यभर त्यांनी पाण्यावर पाळत ठेवण्याचं काम केलं. 1923 च्या बॉयलर कायद्याप्रमाणे दरवर्षी इन्स्पेक्टर यायचा, बॉयलर थंड करून उघडायचा, आणि आतल्या नळ्यांवर किती पापुद्रा बसलाय हे बॅटरी मारून बघायचा. त्या दिवशी मामांच्या घरी जेवण उतरायचं नाही म्हणे.

मामांनी चष्मा लावला, ठोकळा उजेडात धरला, नखाने थोडा गाळ खरवडला, बोटांत चोळला आणि विचारलं, ‘‘ब्लोडाऊन कवा दिला होता?’’

पुतण्याला प्रश्न कळला नाही. मामांनी मग त्याला बॉयलरचा पहिला धडा दिला, जो मला इतक्या नीट शाळेतही कुणी सांगितला नव्हता. पाणी उडून जातं तेव्हा एकटंच जातं. त्यातलं मीठ, चुना, सगळं मागे ठेवून जातं. तुम्ही वरून नवीन पाणी घालता तेव्हा नवीन मीठ घालता. पाण्याची पातळी कायम तीच दिसते, पण आतला खारटपणा चढत राहतो. म्हणून बॉयलरखालून अधूनमधून थोडं पाणी सोडून द्यायचं असतं, तोच ब्लोडाऊन. ‘‘तुह्या डब्यातलं पानी जातं कुठं मग?’’ नळीतून. रबर-प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या अंगातूनही वाफ अगदी मंद गतीने बाहेर पडते. दिसत नाही, पण महिन्याकाठी पातळी उतरते. पुतण्याने ओतलेल्या प्रत्येक पेल्यातलं पाणी निघून गेलं होतं आणि क्षार तांब्याच्या फटींत मुक्कामाला राहिले होते.

त्यांनी मुक्कामाची जागाही बरोबर निवडली होती. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण चुन्याच्या क्षारांचं उलटं आहे. पाणी तापलं की ते बाहेर पडतात. म्हणून बादलीच्या तळाशी खपली धरत नाही आणि कांडीवर धरते. अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात गरम जागा कोणती, तर जिथून उष्णता काढायची आहे तीच. आणि चुन्याचा थर उष्णता नेण्यात तांब्यापेक्षा शेकडो पटींनी आळशी. त्यामुळे प्रोसेसर तापतो, तापला की आणखी क्षार बसतात, बसले की आणखी तापतो. सरकारी कामात असं चक्र मी पाहिलेलं आहे, पण तिथे निदान चहा तरी मिळतो.

पण मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. नुसत्या चुन्याचा रंग पांढरा, हा हिरवा कुठून आला, या प्रश्नावर त्यांनी रेडिएटर मागवला, नख मारलं, वजन हातात तोललं आणि म्हणाले, ‘‘ह्यो ॲल्युमिनियम हाये. तांबं आन् ॲल्युमिनियम एका पान्यात? कोन्या शहान्यानं केलं?’’ तो शहाणा हैदराबादेतला जुना मालक. मूळचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असावा. फुटल्यावर त्याने स्वस्तातला लावून दिला असावा.

हे पुतण्याला पटवण्यासाठी मामांनी केलेला प्रयोग मला फार आवडला. त्यांच्या बांधावर मोसंबीची थोडी झाडं आहेत. खोडाला डिंक्या होऊ नये म्हणून ते बोर्डो मिश्रण करतात, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. ते प्लॅस्टिकच्या पिंपातच विरघळवायचं, लोखंडी टोपल्यात नाही, हे कृषी सहायक दरवेळी सांगतो. मिश्रण बरोबर जमलं की नाही याची परीक्षा म्हणजे त्यात चकचकीत विळा बुडवायचा. पातं जसंच्या तसं बाहेर आलं तर ठीक. त्यावर तांबूस लेप चढला तर पाण्यात तांबं अजून मोकळं फिरतंय, चुना वाढवा. मामांनी घरून चिमूटभर मोरचूद आणला, जर्मनच्या जुन्या वाटीत निळं पाणी केलं, त्यात चवीपुरतं मीठ टाकलं आणि आम्ही सगळे वाटीभोवती बसलो. मिठाशिवाय ॲल्युमिनियम लवकर दाद देत नाही. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा असतो, तो त्याचं चिलखत. मिठाने चिलखताला भोक पाडलं. बुडबुडे आले, वाटीचा तळ तपकिरी-लाल चिखलाने भरला, पाण्याचा निळा रंग उतरत गेला. चिखल धुऊन वाटी उजेडात धरली तर तळाला सुईच्या टोकाएवढी छिद्रं. वाटी वहिनींची होती, हे नंतर निघालं.

रेडिएटरमध्ये हेच फार सावकाश चाललं होतं. ठोकळ्यातलं तांबं कणाकणाने पाण्यात उतरतं, फिरत फिरत ॲल्युमिनियमपाशी येतं, तिथे बसतं, आणि त्या बदल्यात ॲल्युमिनियम झिजतं. पुस्तकातले आकडे बघितले तर ॲल्युमिनियम उणे 1.66 व्होल्टवर आणि तांबं अधिक 0.34 वर. कागदावर दोघांत दोन व्होल्टचं अंतर, म्हणजे टॉर्चमधल्या सेलपेक्षा जास्त. प्रत्यक्षात चिलखतामुळे एवढं पडत नाही, पण जारच्या पाण्यातल्या क्लोराइडने ते हळूहळू पोखरलं की मग मधे पाणी आणि दोन बाजूंना दोन धातू, अशी बॅटरीच तयार झालेली असते. पुतण्याने विजेचं बिल वाचवायला सोलरची चौकशी केली होती. घरात एक वीजनिर्मिती आधीच सुरू होती आणि तिचं इंधन तो हप्त्याने फेडत होता.

नळीचं प्रकरण त्या मानाने किरकोळ, पण सांगण्यासारखं आहे. एक नळी कडक झाली म्हणून पुतण्याने हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचा लेव्हल पाइप आणून लावला होता. दिसायला काचेसारखा पारदर्शक, स्वस्त, आणि आत लाल रंगाचं पाणी फिरताना गिऱ्हाईक खूश. असलं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. कोमट पाणी सतत फिरलं की ते हळूहळू सुटतं, नळी दुधाळ होते आणि ते द्रव्य जाऊन त्याच बारीक फटींत चिकटतं. गाळाला साबणाचा बुळबुळीतपणा आला तो यामुळे. पारदर्शक नळीतून उजेड जातो, उजेडाने शेवाळ धरतं. आणि पुतण्याने डब्याला काच बसवून आत रंगीबेरंगी दिवेही लावलेले. काळी ईपीडीएम रबराची नळी वापरली असती तर दोन्ही रोग टळले असते. ‘‘पन काका, काळ्या नळीत काय दिसनार?’’ काही दिसू नये हाच तिचा गुण, हे त्या वयात पटणं अवघड.

आता धुवायचं कशाने? वहिनींनी चिंचेचा कोळ आणि मीठ आणून ठेवलंच होतं. तांब्याचा तांब्या त्यांनी आयुष्यभर तसाच उजळला आहे, आणि रसायनशास्त्राने त्यांना कधी हरकत घेतलेली नाही. चिंचेतलं आम्ल काळवंडलेलं तांबं मोकळं करतं, मीठ त्याला जोर देतं. पण मामांनी मिठाची वाटी बाजूला सरकवली. तांब्या आपण खळखळून धुतो, पुसतो, उन्हात पालथा घालतो. या फटीत चिमूटभर मीठ अडकलं तर ते वर्षभर तिथेच बसून तांबं खाईल. शेवटी तडजोड झाली. सरबतात घालतात ते लिंबाचं सत कोमट पाण्यात, त्यात ठोकळा बुडवून ठेवायचा, आणि मऊ टूथब्रश. घासायचा हक्क वहिनींनी सोडला नाही. फटींतून बुडबुडे येऊ लागले, चुना सुटत चालल्याची ती खूण, आणि खालून गुलाबी तांबं वर आलं तेव्हा वहिनींनी आमच्याकडे असं पाहिलं की पाषाणच्या संस्थेत त्यांना सल्लागार म्हणून का नेमू नये, असं मला खरंच वाटून गेलं.

काही ठोकळ्यांवर निकेलचा मुलामा असतो. पितळेच्या भांड्याला कल्हई तशी तांब्याला निकेल. लहानपणी कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, भांडं तापवून त्यात नवसागर टाकायचा, धुराचा तो नाकात झोंबणारा वास आणि मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने एका हातात सगळं भांडं रुपेरी. स्टीलची भांडी आली आणि तो यायचा बंद झाला. निकेलवाल्यांनाही मधे असाच वाईट काळ आला होता; दहा-पंधरा वर्षांपूर्वी मुलामा पोपडे धरून सुटतो म्हणून हौशी लोक जगभर बोंबलत होते. कल्हई गेली तर पुन्हा कल्हई करता यायची. निकेल गेलं की नवा ठोकळा घ्या, एवढंच.

धुऊन झाल्यावर भरायचं काय? पुतण्या म्हणाला, आता एकदम शुद्ध पाणी आणतो. ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, ते. मामांनी मान डोलावली, आणि मग त्यांच्या नोकरीतलं सगळ्यात मोठं दुखणं सांगितलं. शुद्ध पाणी, म्हणाले, अशुद्ध पाण्यापेक्षा जास्त सांभाळावं लागतं.

यावर मी बरेच दिवस विचार करतोय. जड पाण्याचं पोट भरलेलं असतं, म्हणून ते टाकून जातं. डिस्टिल्ड पाणी रिकाम्या पोटी येतं आणि जे दिसेल ते खायला बघतं. उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन थोडं आंबटही होतं, त्याचा सामू साडेपाचच्या आसपास येऊन थांबतो. मग ते तांब्याचा कण घेतं, सोल्डरचा घेतं, नळीतलं तेल घेतं. कारखान्यात पाणी मऊ करायला एक प्लँट होता आणि मऊ झालेल्या पाण्याला वळण लावायला दुसरीकडे डोसिंगचा पंप होता; त्यातला प्राणवायू काढा, सामू चढवा, फॉस्फेट घाला. इतकं करून ते पाणी नोकरीला लायक व्हायचं. मोठ्या महासंगणकांतही कुणी नुसतं निर्मळ पाणी सोडत नाही. त्यात बऱ्याचदा ग्लायकोल असतं, तांब्यावर अदृश्य पापुद्रा धरणारं बेंझोट्रायाझोलसारखं द्रव्य असतं, जंतू मारणारं औषध असतं, वाटेत बारीक गाळणी असते, आणि कोणत्या धातूने त्या पाण्याला शिवायचं व कोणत्या नाही याची लेखी यादी असते. शिवाशिवीचे नियम आम्ही माणसांवरून काढून यंत्रांवर नेले, ही त्यातली बरी गोष्ट.

आमच्या घरी शुद्धतेचा दबदबा फार. आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची तेव्हा तिच्याजवळ जायची सोय नव्हती, कारण कशाचाही स्पर्श झाला की ती बिघडायची आणि बिघडली की सगळ्यांना पुन्हा अंघोळ. कॅनमधलं ते पाणी मला तिच्या स्वभावाचं वाटतं. जारचं पाणी त्या मानाने संसारी. थोडं खारट, थोडं मिळमिळीत, शंभर माणसांत वावरलेलं. कॉम्प्युटरला ते चालत नाही हे खरंय. माणसाला चालतं, डिस्टिल्ड पाण्याचा एक घोट मी चाखून बघितला, त्याला चवच नाही.

पुतण्याने शेवटी तयार कूलंट मागवलं, तांब्याचा रेडिएटर मागवला आणि काळी नळी मागवली. तिन्हींचे पैसे भरताना त्याने दोन लग्नांचे ॲडव्हान्स मोडले. मामांनी त्याला एक वही करायला लावली, तारीख, पाण्याची पातळी, पाण्याचा रंग, प्रोसेसरचं तापमान. रोज नको, आठवड्याला. ‘रंग’ या रकान्यात पुतण्या ‘छान’ असं लिहितो, त्यावरून मामांचा आणि त्याचा वाद चालू आहे. रेडिएटरच्या बाहेरच्या पत्र्यांत हळदीची पिवळी धूळ साचते. मार्च-एप्रिलला गल्लीत हळद पॉलिश करायचं ड्रम फिरायला लागलं की तिचा थर बघवत नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती धूळही मानाचीच म्हणायची, पण पंखे उलटे फिरवून तिला बाहेर काढायचं काम वहीत वेगळं लिहिलंय.

मधे मी एक बातमीवजा माहिती दिली की 2010 मध्ये झुरिकच्या विद्यापीठात आयबीएमने असाच पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर बसवला आणि त्याच्यातून निघालेल्या साठ अंशांच्या पाण्याने इमारती ऊबदार केल्या. वहिनींचे डोळे चमकले. ‘‘मंग आपल्या अंघोळीचं व्हईल का?’’ मी कागद घेऊन बसलो. पुतण्याचा कॉम्प्युटर जोरात चालला की पाचशे वॅट उष्णता टाकतो असं धरलं, तर वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापायला साधारण तास लागेल. घरात माणसं सहा. म्हणजे सगळ्यांच्या अंघोळी व्हायच्या तर पहाटे चारपासून वरातीचं मिक्सिंग सुरू पाहिजे. वहिनी म्हणाल्या, ‘‘हिवाळ्यात लग्नं कमी असत्यात, नाहीतर केलं असतं.’’

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा होतेय. केंद्र सरकारने 2023 मध्ये तिला 2600 कोटी रुपये मंजूर केले. दूर अंतराळात कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात त्याचा हादरा आमच्या जिल्ह्यात मोजणार. त्या मोजणीलाही कॉम्प्युटर लागतील, ते तापतील, त्यांना पाणी लागेल, आणि ते कुठल्या बोअरचं भरतील यावर मामांची नजर आहे. वय झालं नसतं तर अर्ज केला असता म्हणतात.

राहिला एक प्रश्न, तो जुन्या पाण्याचा. कॉम्प्युटरमधून निघालेलं ते लालसर-हिरवं पाणी वहिनी तुळशीला घालायला निघाल्या होत्या, मामांनी हात धरला. हैदराबादच्या मालकाने त्यात गाडीचं कूलंट घातलेलं असणार. त्यातलं इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष, कुत्रं चाटलं तर कुत्रं जातं, वासरू प्यालं तर वासरू. नालीत सोडावं तर नाली रानाकडे जाते. म्हणून ते कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, वर ‘पिऊ नये’ असं मार्करने लिहून माळ्यावर ठेवलंय. त्याच दिवशी दारात भंगारवाला आला. त्याने लेव्हल पाइपला नकार दिला, छिद्रं पडलेल्या वाटीचा आणि पोखरलेल्या रेडिएटरचा ॲल्युमिनियमचा भाव सांगितला, जुन्या वायरी तोडून त्यातल्या तांब्याचा वेगळा सांगितला, आणि कॅन पुढे केला तेव्हा झाकण न उघडताच म्हणाला, ‘‘पानी आमी घेत न्हाई.’’ कुणाकडे न्यायचं, असं पुतण्याने विचारलं. तो म्हणाला, ‘‘परभनीत इचारा.’’ परभणीला विचारलं. ते म्हणाले, नांदेडला विचारा.